लंकाबाईला कळतं

लंकाबाईला माणसाच्या मनातलं कळतं, ही गोष्ट दिंडोरीकडच्या चार गावांत जगजाहीर. द्राक्षाच्या विरळणीसाठी बारा बायांची टोळी ती चालवते. घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे आणि उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची, हे ते काम. दिवसभर मान वर करून हात चालवायचा म्हणजे काही गंमत नाही. पण लंकाबाईनं कधी कुणावर आवाज चढवला नाही. कोण घरून भांडून आलीय, कुणाला थट्टेनं हसवायचं, कुणाला नुसतं गप्प सोडावं लागतं, हे ती सकाळी पिकअपमध्ये चढणाऱ्या बायांचे चेहरे बघूनच ताडते. बायाही तिच्यासाठी जीव टाकतात.

तिला स्वतःला काय हवंय, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. तिनंही नाही. तिला शाबासकी हवी होती. पन्नाशीला आलेल्या बाईनं लहान पोरीसारखं शाबासकीला भुकेलं असावं याची लाज वाटे, म्हणून त्या भुकेला ती कामाची हौस म्हणायची.

मार्गशीर्षातली ती दुपार. सोमनाथच्या बागेच्या दोन ओळी राहिल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घड औषधात बुडवायचे ठरले होते. सोमनाथ बागाईतदार मोठा, पण कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. "आज उरकलं तर मानलं तुमाला," एवढं तो सकाळी बोलून गेला आणि तेव्हापासून लंकाबाईच्या पायाला भिंगरी लागली होती.

तेवढ्यात पूजाचा फोन वाजला. पूजा टोळीतली सगळ्यात चपळ पोर, माहेर सटाण्याकडचं. "माय कशी शे?" एवढंच ती माहेरच्या बोलीत म्हणाली आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन कमरेला खोचून तिनं कात्री घेतली, पण हात जड झाला होता. लंकाबाईनं एका नजरेत ओळखलं. पोरीची आई बरी नाही. पोरीला जायचंय. विचारलं तर ती रडेल, आणि रडली तर पाठवावं लागेल. सटाण्याची गाडी गाठायला अजून वेळ होता.

लंकाबाईनं विचारलं नाही. ती पूजाच्या ओळीत गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्यासारखा हात आख्ख्या टोळीत नाय, पूजा. तू हायेस म्हून म्या शब्द दिला." सासरी जिच्या वाट्याला एक गोड शब्द येत नाही, त्या पोरीला काय लागू पडतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पूजाचे डोळे भरले. हात मात्र चालू लागला, आणि दिवस मावळता मावळता बाग उरकली.

"मानलं बुवा, लंकाबाई," सोमनाथ म्हणाला. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पूजा सकाळच्या गाडीनं गेली. ती पोचली तेव्हा आईची वाचा गेली होती. तिसऱ्या दिवशी आईच गेली.

त्यानंतर लंकाबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एका वेलाखाली उभं राहवेना, डबा गोड लागेना. मी तिला थांब म्हटलंच नव्हतं, असं ती स्वतःला समजावी. पोरीनं तोंड उघडून सांगायला नको? खाई त्याला खवखवे, दुसरं काय. आपण रोज स्वतःशीच भांडतोय, हे बाकीच्या बायांना दिसत असेल याचीही तिला धास्ती.

दिवस-कार्य उरकून पूजा कामावर आली. डब्याच्या वेळी, सगळ्या बसलेल्या असताना, आवाज न चढवता तिनं विचारलं, "मावशी, त्या दिवशी फोन आला तवा तुमी माझ्याकडं बघितलं. तुमाला कळलं हुतं ना?"

"तिला काय ठाऊक, पोरी," टोळीतली थोरली नवसाबाई मध्ये पडली.

लंकाबाईला तेवढा आधार पुरे होता. 'नाय' म्हटलं की सुटली. पण ह्याच बायांनी तिचं नाव गावोगाव केलेलं. जिला सगळं कळतं, तिला नेमकं तेवढंच कसं कळलं नाही?

"कळलं हुतं," ती म्हणाली.

"मंग?"

प्रत्येकीला लागू पडेल असा शब्द तिच्याजवळ नेहमी तयार असे. आज एकही सुचेना. "सोमनाथनं मला मानावं, म्हून," ती म्हणाली.

पूजानं विचारलं, "मंग, मानलं का त्यानं?"

"मानलं."

पूजानं डबा बंद केला, कात्री उचलली आणि पार शेवटच्या ओळीत जाऊन कामाला लागली.