तीन पायांवर उभा बैल

मुखेडच्या बैलबाजारात एक निवृत्त चित्रकला शिक्षक दर आठवड्याला लिंबाखाली बसून पेन्सिलीनं जनावरं काढायचे. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो जायचा नाही.

त्या दिवशी मी एक देवणी बैल विकायला नेला होता. गिऱ्हाईक हदगावकडचं, चिवट. आमच्या हातांवर दस्तीचा रुमाल टाकलेला आणि खाली बोटं बोटांत. भाव आम्ही तोंडानं बोलत नाही, बोटं दाबून करतो. अशा वेळी मी फक्त समोरच्याचा चेहरा वाचतो. दुसऱ्याचा बैल घेताना मात्र दात, खूर, वशिंड काही सोडत नाही. ही नजर मला कुणी वारशात दिलेली नाही.

सौदा जमत आला होता. तेवढ्यात गुरुजींच्या वहीभोवती गर्दी झाली, म्हणून आम्हीही गेलो. माझाच बैल, चार पानांवर चार वेळा. प्रत्येक चित्रात मागचा डावा पाय नुसता टेकवलेला.

"गुरुजी, पाय चुकलाय. बैल असा उभा ऱ्हात न्हाई."

"चारही वेळा चुकलो का मी?"

मी वळून पाहिलं. बैल तसाच उभा होता, सगळा भार तीन पायांवर. खूर उचलला, तर फटीत खिळा.

"व्यापारी," गिऱ्हाईक म्हणालं, "सवताचं जनावर चित्रात बघून राहिलेत व्हय?"

बाजार हसला. तेही मी गिळलं असतं.

"गुरुजी, तासभर बघून राहिलात. एक शब्द सांगायला काय झालतं?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर विकताय."

किती शांतपणे बोलले! भाव पाडण्यासाठी मी भांडलोय, शिव्या दिल्यात, पण दुखरं जनावर धडधाकट म्हणून कुणाच्या गळ्यात मारलं नाही. यांनी मनातल्या मनात मला लबाड ठरवलं आणि त्या मुक्या जिवाचं दुखणं रेघेरेघेनं उतरवत बसले. वर एक पान फाडून पुढं केलं, "घ्या, तुमचाच बैल."

मी घेतलं नाही.

सौदा मोडला. खिळा डॉक्टरनं काढला. परतताना मी टेम्पोत मागं, बैलाजवळ उभा राहिलो. रस्ताभर गुरुजींना शिव्या देत होतो. एका खड्ड्यात तोल सावरायला बैलानं तो पाय टेकवला आणि चटकन उचलला. एवढं तर मला सकाळीच, घरातून निघताना दिसायला हवं होतं.