सासूबाईंचा बराझा

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ऑस्ट्रेलियात आमच्याकडे वॉलॉंगॉंगला आल्यापासून सासूबाईंची एकच तक्रार होती: इथे रस्त्याला माणूस दिसत नाही. समुद्र आवडला, पोलादाच्या कारखान्याचा धूरसुद्धा चालवून घेतला, पण माणसं गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजात. पुढच्या महिन्यात ठाण्याला परत जाते, म्हणाल्या. मला सातवा महिना लागलेला, नवरा सतत शिफ्टला. त्यांनी राहावं असं मला फार वाटत होतं, त्यात माझा स्वार्थ होताच.

सासूबाई आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर जन्मल्या आणि वाढल्या. वडील लवंगांच्या वखारीत कारकून. लग्न होऊन ठाण्याला आल्या, पण बोलण्यातून बेट काही जाईना. लवंगा खऱ्या शेजारच्या पेंबा बेटावरच्या; वारा फिरला की अरबस्तानातून आणि कच्छमधून गलबतं येत; हंगामात शाळा बंद ठेवून पोरंसोरंही लवंगा खुडायला जात. संध्याकाळी स्वाहिली, अरब, गुजराती व्यापारी, गोव्याचे शिंपी, सगळे आपापल्या बराझ्यावर बसत. बराझा म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीला लागून रस्त्याकडे तोंड केलेला दगडी ओटा. कॉफीवाला कप खणखणवत तिथेच येई.

एका शनिवारी त्यांनी नवऱ्याला मागच्या अंगणातला लाकडी बाक उचलायला लावला आणि घराबाहेर, फुटपाथलगतच्या गवतावर ठेवून घेतला. बसायला जागा केली की माणसं येतात, म्हणाल्या. दिवसभर बसल्या. एक कुत्रा तेवढा वास घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाक गायब.

आम्ही दोघं एवढे शिकलेसवरलेले, पण डोक्यातच आलं नाही. त्या आठवड्यात कौन्सिलची गाडी जुनं सामान न्यायला येणार होती, आणि अशा वेळी बाहेर गवतावर ठेवलेली वस्तू कोणीही खुशाल न्यावी अशी इथली रीत. हे समजावल्यावर सासूबाई आणखीच भडकल्या. झांझिबारला अख्ख्या बेटाचं पोट लवंगांवर, त्या रस्त्याकडेला चटयांवर वाळत पडलेल्या असायच्या, पण कोणी हात लावत नसे, असं ऐकवून त्यांनी बॅग भरायला काढली.

सोमवारी मी हॉस्पिटलमधून तपासणी करून आले तर घरात सासूबाई नाहीत. गाडी काढून गल्ल्या पालथ्या घातल्या. मागच्याच गल्लीत एका घराच्या व्हरांड्यात आमचा बाक दिसला. त्यावर सासूबाई, शेजारी काळ्या कपड्यांतल्या एक इटालियन आजी, मध्ये शेंगांची टोपली.

सासूबाई निघाल्या होत्या चोर पकडायला. सापडला बाक, आणि त्यावर शेंगा सोलत बसलेल्या या आजी. इंग्रजी दोघींचं बेताचंच, त्यामुळे भांडण जमेना. आजींनी सरकून जागा करून दिली. आता सासूबाई त्यांना एक शेंग तळहातावर दाबून, लवंगांचे देठ कसे मोडायचे ते करून दाखवत होत्या.

मी हळूच म्हटलं, "आई, बाक गाडीत मावेल. नेऊ या का?"

"कशाला? आपल्या दारात होता तेव्हा कोण आलं होतं?"

"आणि ठाण्याचं तिकीट?"

"अगं, एवढ्या शेंगा राहिल्यात सोलायच्या," त्या म्हणाल्या आणि टोपली माझ्याकडे सरकवली.

आजींच्या परसात शेंगा संपल्या तर टोमॅटो आले, टोमॅटो संपेतो अंजिरं. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. माझी लेक पहिल्यांदा उभी राहिली ती त्याच बाकाला धरून.