ग्रहणातलं दही

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आज विरजणाचा आंबूस वास आला आणि पनवेलच्या शाळेतली ती सकाळ आठवली.

मी तिथे विज्ञान शिकवायचो. सूर्यग्रहणाच्या दिवशी सातवीतल्या नंदाने दुधाच्या दोन वाट्या ठेवल्या, एकीत तुळशीचं पान, दुसरी तशीच. तुळशीशिवायही ग्रहणात दही लागतं, हे तिला मासळीबाजारात बसणाऱ्या आईला दाखवायचं होतं. विरजण मी घालायचं होतं. दुसऱ्या वाटीत घालायला विसरलो. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आत पाहिलं, तर नुसतं दूध. धावत डेअरीत गेलो आणि विकतच्या दह्याने वाटी भरली.

नंदाची आई आली. "गिऱ्हाणातला दही मी नाय खायाची, मास्तर."

"आये, जंतूंना गिऱ्हाण कलत नाय. चाख तरी," नंदा म्हणाली.

तिने बोट बुडवलं, मग अख्खी वाटी संपवली. "गोड हाय गो." वर्ग खो खो हसला, नंदा बाकावर चढून नाचली. इतका आनंदी तास मी पुन्हा घेतला नाही.

विज्ञान वाचवलं, असं तेव्हा वाटलं. खरं तर मी माझी चूक लपवली होती. नंदा आता शिक्षिका आहे, हाच प्रयोग मुलांना सांगते. ते दही विकतचं होतं, हे तिला सांगायचं देणं मी अजून लागतो.