मुक्यानं न्यायचं पाणी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक नापास होऊन नांदुऱ्यात घरी बसलेली, जिभेला हाड नसलेली पोर. वहिनीच्या लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता आणि आई दादाचं दुसरं लग्न करायचं उघड बोलू लागली होती.

संग्रामपूरच्या पुढे सातपुड्यात एक दरी आहे. तिथं धबधबा, आणि पलीकडच्या कड्यात गुहेतला महादेव. मूल हवं असलेल्या बाईनं धबधब्याचं पाणी तांब्यात घ्यायचं आणि पिंडीवर घालेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जन्मात एकदाच, मोडलं की संपलं. श्रावणात दादानं आम्हा दोघींना नेलं. पुरुषांनी वर यायचं नसतं, म्हणून तो खाली बैलगाडीपाशी थांबला.

वहिनी तांबा सांभाळत शेवाळलेल्या दगडांवरून पुढे चालली होती. मी मागून टकळी लावली, "वहिनी, पायाजवळ साप हाय." ती नुसती हसली. मी एवढी बोलतेय आणि ही ढिम्म, याची मला चीडच आली. कड्याशी आल्यावर मी पाय घसरल्याचं सोंग केलं आणि किंचाळले.

"माय व, हात दे मले!" तांबा टाकून वहिनी ओरडतच धावली.

मी हसत उभी राहिले. तिनं आधी माझे हातपाय चाचपून पाहिले, मग मटकन खाली बसली.

"पुन्हा भरू न पाणी," मी म्हणाले. "कोनाले कळते?"

"देवाले कळते न," ती म्हणाली.

गाडीपाशी दादानं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "मले ध्यान नाही राह्यलं. बोलून गेली मी."

आईच्या भीतीनं मी खरं सांगितलं नाही. घरी आईनं तिला फाडून खाल्लं. एवढं साधं तोंड बंद ठेवता येत नाही म्हणाली. मी भाकरी थापत ऐकत होते. दिवाळीनंतर वहिनीला देऊळघाटला माहेरी पोचवून दिलं, ते कायमचंच.

नवसानं पोरं होत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तिला घालवायला आईला निमित्त मी दिलं. न राहवून एकदा देऊळघाटला गेले. म्हटलं, "वहिनी, मी आईले सगळं सांगतो."

तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. "नोको सांगू. तुह्यं लगन व्हायचं हाय अजून. लोक नावं ठेवतीन."

मी नाही सांगितलं. तिनं नको म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं, आणि त्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.