चेहऱ्याला हात लावायचा म्हणजे

आमच्या आम्रपालीला कुणी घाबरट म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाकणच्या कंपनीत पार्ट चिकटवायच्या गोंदाच्या टेबलापाशी उभं राहायला बाकीच्या पोरी नाकं मुरडायच्या, तिथे ही तक्रार न करता उभी राहायची. ती घाबरट नव्हती. ती भ्यायला लागली माझ्या मुलाच्या, आयुषच्या लग्नापासून.

ती माझ्या भावाची, जयसिंगची मुलगी. कासारवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पोरीचा हात पहिल्यापासून हलका. मोबाईलवर बघून बघून शिकली आणि गल्लीतल्या बायका आयब्रो करायला हिच्याकडेच यायला लागल्या. म्हणून आयुषच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, घरात पोरगी असताना पार्लरला कशाला जायचं?

थंडीचे दिवस होते. ती शिफ्ट करून आलेली, तशीच माझ्याकडे आली. ब्लीचची क्रीम घेतली, त्यात पावडर घातली, आणि मग वरून आणखी घातली. का, तर कंपनीत गोंद सुकायला हार्डनर घालतात आणि थंडीत तो जरा वाढवतात, म्हणजे काम लवकर उरकतं. तिच्या हाताला तेच वळण. आम्ही दोघी गप्पा मारत बसलो. गाल चुरचुरायला लागले तेव्हा मला वाटलं, लागतंय म्हणजे गुण येतोय. डोंबलाचा गुण. पुसून बघितलं तर दोन्ही गाल आणि हनुवटी भाजलेली. दुसऱ्या दिवशी विहारात मी वरमाय, अंगावर कोरी पांढरी साडी, आणि चेहरा निखाऱ्यावरच्या वांग्यासारखा. वंदना चालू होती तरी लोक माझ्याकडेच बघत होते. मी संतापले. का नाही संतापणार?

माझे डाग पुढे गेले. राग तर त्याच्याही आधी गेला. पण आम्रपालीने त्यानंतर कुणाच्या चेहऱ्याला बोट लावलं नाही. बाई आयब्रो करायला आली की हिचं डोकं दुखायला लागायचं.

यंदा ठेकेदाराने तिला ब्रेक दिला. कंत्राटी पोरींना असं मधूनच घरी बसवतात आणि मर्जी झाली की परत बोलावतात. जयसिंग म्हणाला, सोमवारी ठेकेदाराला तुझं नाव सांगतो, पुन्हा लाग. त्यावर ही माझ्याकडे येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"आत्या, मला ब्युटीशियनचा कोर्स करायचाय."

"मग कर की."

"आणि कुणाचा डोळा गेला माझ्या हातून तर?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, मग जा त्या गोंदाच्या टेबलावर. तर म्हणाली, तिथे परत गेले तर मी कायमची तिथलीच होईन, आणि मला माणसांचे चेहरे आवडतात. हे बोलताना तिला रडू आलं. सोमवारच्या आत काहीतरी ठरवायला हवं होतं.

शनिवारी आम्ही रावेतला गेलो. तिथली अकॅडमी म्हणजे नुसती काच. आत एसी, गोड बोलणारी रिसेप्शनची पोरगी, आणि टेबलावर ओळीने मांडलेली रबरी मुंडकी. सुरुवातीला बरेच दिवस सगळं यांच्यावरच शिकवतो, असं ती पोरगी म्हणाली. आम्रपालीचा चेहरा असा उजळला, मला वाटलं इथेच पैसे भरून मोकळी होते.

"इथेच येते आत्या. डमीला भाजत नाही."

"मग पुढे गिऱ्हाईकही डमीच आण," मी म्हटलं आणि तिला ओढत बाहेर काढलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नाही तर नाही.

रविवारी मी तिला आमच्याच स्टेशनजवळ इंदुताईंकडे नेलं. पहिल्या मजल्यावर त्यांचं पार्लर आहे आणि तिथेच त्या चार पोरींना शिकवतात. त्यांची रीत वेगळी. रबरी मुंडकं वगैरे काही नाही. जे लावायचं ते आधी शिकणाऱ्या पोरीने स्वतःच्या कोपरावर लावायचं, मग जिवंत माणसाला. आम्ही दारात पोचलो तेव्हा आत ब्लीचच चालू होतं. तो उग्र वास नाकात गेला मात्र, आम्रपाली वळली आणि जिना उतरायला लागली. मी तिची ओढणी धरली.

इंदुताईंनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात हीच बोलली. जिन्यात उभी राहून, खाली मान घालून सगळं सांगितलं. हार्डनरचंसुद्धा. इंदुताई हसल्या नाहीत.

"कुणाचा चेहरा भाजला होता?"

"आत्याचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. मी काय करणार? मी आत जाऊन खुर्चीत बसले. आता खरं सांगते, तो वास आला की अजूनही मला विहारातल्या त्या नजरा आठवतात. पण मी उठले असते तर ही पोरगी परत त्या जिन्याने वर आली नसती.

आम्रपालीने पावडर घेतली. चिमूटभर. इंदुताईंना दाखवली, स्वतःच्या कोपरावर लावली, थांबली. मग माझ्या कोपरावर. पुन्हा थांबली. मला वाटत होतं, एकदाची उरक बाई. शेवटी तिने माझ्या गालावर क्रीम लावली आणि थोडी कानातसुद्धा गेली. मी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने उजवा गाल चुरचुरायला लागला. मी गप्प राहिले. म्हटलं, बोलले तर ही पळेल. साडीचा पदर मुठीत आवळून बसले.

तेवढ्यात ओला कापूस गालावर आला.

"अजून वेळ आहे गं," इंदुताई म्हणाल्या.

"नाही मॅडम. इथे लाल होतंय. काढते."

मोठ्या माणसाला उलट बोलताना मी तिला आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिने सगळं पुसून काढलं, गार पाणी लावलं, आणि मग माझ्यावर घसरली. "लागत होतं तर सांगायचं नाही का आत्या? तुमच्यासारख्या गप्प बसणाऱ्या बायकांचीच मला भीती वाटते."

मी डोळे उघडले. आरशात बघितलं नाही, हिच्याकडे बघितलं. घामाने निथळलेली, ओठ पांढरे पडलेले, आणि नजर माझ्या गालावरून हलत नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी गप्पा मारताना तिने माझ्याकडे एकदाही असं बघितलं नव्हतं.

इंदुताईंनी माझा गाल तपासला आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी ये."

खाली रस्त्यावर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. म्हणाली, आत्या, भीती गेली नाहीये. मी म्हटलं, माझीही नाही. मग तिने फोन काढला आणि बापाला लावला.

"पप्पा," ती म्हणाली, "ठेकेदाराला माझं नाव देऊ नका."