दादरला न गेलेली रिक्षा
ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मालाडची ती सकाळ आठवते. आमच्या चाळीतल्या रिक्षावाल्याने आरटीओच्या पासिंगसाठी रिक्षा नव्याने रंगवून ठेवली होती, पण एका ई-चलानाचा दंड थकल्यामुळे पासिंग अडलं होतं आणि त्याशिवाय रिक्षा रस्त्यावर काढता येत नव्हती. चलान दादरला सिग्नल तोडल्याचं होतं. फोटोत मात्र पांढरी कार होती. नंबर वाचताना कोणीतरी एक आकडा चुकवला होता. मी वार्ताहर, मला कायदा कळत असेल, म्हणून तो मला वाहतूक चौकीत घेऊन गेला. आत पंखा कुरकुरत होता आणि ओल्या रेनकोटांचा कुबट वास भरला होता. "साहेब, बांद्र्याच्या पुढे रिक्षाला बंदी आहे. मी दादरला जाणार कसा?" त्याने विचारलं. हवालदाराने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "बंदी आहे ना? मग गेलास कशाला? त्याचं वेगळं चलान फाडू?" "अहो, फोटो तरी बघा! ही रिक्षा दिसते का तुम्हाला?" "ते कोर्टात सांग. तक्रार टाक, तारीख येईल." "कधी?" "येईल ना. घाई असेल तर भरून टाक आणि मोकळा हो." बाहेर येऊन मी त्याला म्हणालो, "कोर्टात तूच जिंकशील रे." "आणि तोपर्यंत माझ्या पोरांना तू जेवायला घालणार?" असं म्हणून तो पुन्हा आत गेला आणि दंड भरून आला. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होतं का, असं माझ्या कायद्याच्या सदरात वाचक आजही विचारतात. मी लिहितो, कायद्याच्या दृष्टीने, होय.