आईच्या नावावरची जीप

यंदा मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या आईची जीप परिवहन कार्यालयाच्या तपासणीत नापास झाली. तपासणीच्या कागदावर कारण एका ओळीत लिहिलं होतं : चासी क्रमांक आढळून येत नाही.

चासी म्हणजे गाडीच्या तळाची लोखंडी चौकट. गाडी तयार होतानाच तिच्यावर एक क्रमांक ठोकतात आणि तोच आरसी बुकात लिहितात. नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी अधिकारी त्या जागेवर कागद धरून पेन्सिल घासतो. क्रमांकाचा ठसा उठला की तो कागदपत्रांशी ताडून पाहतो. आईच्या जीपच्या वेळी कागद नुसता काळा झाला.

मी तिथे नव्हते. आई आणि धाकटा भाऊ गेले होते. दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, त्यातलं जुळलं तेवढं लिहिते. अधिकारी तरुण होता आणि नीट बोलत होता. त्याने विचारलं, "आजी, नंबर कुठे आहे?" आईने पुढच्या पाटीकडे हात केला. तो नव्हे, लोखंडावर ठोकलेला, असं त्याने समजावलं. इंजिनाजवळ क्रमांक कोरलेली पत्र्याची एक पट्टी असायची, ती गंजून कधीच गळून पडली होती. त्याने बॅटरी लावून पुन्हा पाहिलं, हाताने चाचपलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात क्रमांक दिसला नाही, तर नूतनीकरण होणार नव्हतं. नूतनीकरण झालं नाही, तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती.

जीप पंचवीस वर्षांची आहे. माणच्या आमच्या जमिनीचा पहिला तुकडा हिंजवडीच्या आयटी पार्कला गेला, त्या मोबदल्यातून ती नवी घेतली. वडील तेव्हा पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळीवर होते. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी त्यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून चुलत्यांबरोबर आई गेली आणि कागदांवर तिने सही केली. गाडी तिच्या नावावर झाली ती अशी, ठरवून नव्हे. पुढे उरलेली जमीन विकली, घराजवळचा एक तुकडा ठेवला, तिथे भावाने पाच मजली इमारत बांधली आणि खोल्या कंपन्यांतल्या मुलामुलींना भाड्याने दिल्या. इमारत भावाच्या नावावर आहे. वाटणीच्या वेळी आईने आणि मी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आमच्याकडे सगळ्याच घरांत असं झालं, त्यात भांडण नव्हतं. आईच्या नावावर राहिली ती ही जीप.

चालवायला तिला वडिलांनीच शिकवलं. आयटी पार्कचे रस्ते आधी झाले आणि इमारती मागाहून आल्या. मधली वर्षदीड वर्ष ते रुंद रस्ते दोन्ही टोकांना मोकळे पडलेले असत. आई तिथे शिकली. त्यातला एक रस्ता आमच्याच भाताच्या खाचरांवरून गेला होता. तिथे वडील तिला गिअर बदलायला सांगत, कारण बांध कुठे होता हे दोघांनाही माहीत होतं : पहिल्या बांधाला दुसरा गिअर, विहिरीच्या जागेला तिसरा. नऊवारीचा काठ क्लचमध्ये अडकायचा. तिने कासोटा चार बोटं वर घेतला, तो आजही तसाच नेसते. परवाना तिने पहिल्या चाचणीत काढला. वडिलांना तो दुसऱ्या चाचणीत मिळाला होता. हे वडीलच सांगायचे, येईल त्या पाहुण्याला, न विचारता.

घरी तेव्हा नऊ म्हशी होत्या. दुधाच्या किटल्या मागे लावून आई रोज सकाळी सहाला निघायची. इमारतींच्या कामावरचे मुकादम, मग पहारेकरी, मग कँटीनवाले आणि नंतर वसतिगृहं, असं तिचं गिऱ्हाईक बदलत गेलं. पहिल्या वर्षी गावच्या पारावरून एकाने तिला ऐकवलं होतं, की बाया गाडी हाकायला लागल्या, आता आम्ही दळण आणायचं का. आईने गाडी थांबवून काच खाली केली.

"आना की. डबा जड न्हाई," ती म्हणाली आणि गेली.

त्या माणसाच्या सुनेला बाळंतपणासाठी पुण्याच्या दवाखान्यात आईनेच नेलं. त्या घरात नात झाली. ती नात आता हिंजवडीतच नोकरी करते आणि वाटेत जीप दिसली की हात करते.

आता म्हशी तीन आहेत आणि गिऱ्हाईक एका सोसायटीचं व दोन वसतिगृहांचं आहे. आई चौसष्ट वर्षांची आहे. हिंजवडीच्या सकाळच्या गर्दीत कंपन्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी घुसत असतात. त्यात ती जीप घालते, आणि बाजूचे चालक तिला वाट देतात. भीतीने देतात की आदराने, हे मी दोघातिघांना विचारलं. जीपचा पत्रा जाड आहे, असं उत्तर मिळालं.

नापास झाल्याचं भावाने मला संध्याकाळी फोनवर कळवलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी मोडीत दिली की दाखला मिळतो, दाखल्यावर नव्या गाडीत सूट मिळते. नवी गाडी तो घेईल, आईला कुठे जायचं असेल तिथे तो किंवा चालक सोडेल, दूधही पोचवेल. मी दुसऱ्या दिवशी माणला गेले तेव्हा त्याने हेच आईसमोर पुन्हा सांगितलं. तो मनापासून बोलत होता. आई म्हशीच्या पेंडीत पाणी घालत होती. तिने हात पुसले.

"तू सोडशील रं. पर मला कुनाला इचारून जायाचं न्हाई."

थोड्या वेळाने भाऊ आत जाऊन जुन्या कागदांची पिशवी घेऊन आला.

पिशवीत पाच वर्षांपूर्वीच्या नूतनीकरणाच्या अर्जाची झेरॉक्स सापडली. त्यावर पेन्सिलचा ठसा स्पष्ट होता. म्हणजे क्रमांक तेव्हा दिसत होता. ते नूतनीकरण वडिलांनी केलं होतं. पुढच्या वर्षी ते गेले. ठसा पाहून भावाला आठवलं, की जीपखाली रंग देण्याआधी वडील उजव्या पुढच्या चाकामागे एका जागी रंग बसू नये म्हणून ग्रीस फासून वर कागद चिकटवायचे.

रंगाचं सांगायला हवं. मुळशीतल्या पावसाने आणि चिखलाने गाडीचा तळ चारपाच वर्षांत गंजतो. वडिलांनी त्यावर आपला उपाय काढला होता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट ते जीपच्या चौकटीला द्यायचे. बैलजोडी विकली, तरी पोळ्याला रंगाचा डबा येत राहिला आणि सगळा जीपच्या वाट्याला गेला. पोळ्याला तिला धुतात, रंगवतात आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवतात. ती मग म्हशी खातात. वडिलांमागे हे काम आईने उचललं. ग्रीसचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिला झेरॉक्सवरचा ठसा दाखवला आणि चौकटीवरची जागा दाखवली. ती वाकून बघत राहिली.

"तितं तर खड्डं पडल्यालं," ती म्हणाली. "वळीनं. मी लांबी भरली न् वरनं रंग दिला."

लांबी म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायचा रंगाऱ्यांचा लगदा. वडील गेले त्या वर्षी इमारतीचं रंगकाम चालू होतं आणि उरलेली लांबी बादलीत पडून होती. गंजाने लोखंडाला खड्डे पडले आहेत, असं समजून आईने क्रमांकाचा एकेक आकडा बुजवला होता. तो घासून सपाट केला होता आणि त्यावर चार पोळ्यांचे चार रंग चढवले होते. भाऊ जमिनीवर बसून हसायला लागला. आई हसली नाही. लांबी चांगल्यापैकी बसली होती, एवढंच तिने नोंदवलं.

गुरुवारी जीप पिरंगुटच्या मिस्त्रीकडे नेली. ते वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री. त्यांनी खाली डोकावून ग्राइंडर मागवला आणि काकू, पाच मिनिटांचं काम, असं सांगितलं. आईने पाच मिनिटांत नंबर राहील का, असं विचारलं. मिस्त्रींनी खरं ते सांगितलं : राहील, पण घासला जाईल. घासलेला क्रमांक अधिकाऱ्याला खोडलेला वाटू शकतो आणि तसं वाटलं तर गाडी जप्तही होऊ शकते. आईने चावी मागून घेतली.

"शिंगाचा रंग काडायला ग्राइंडर लावत्यात व्हय?" तिने विचारलं. मिस्त्रींनी ग्राइंडर परत आत पाठवला.

वडील पाळीवर असत तेव्हा पोळ्याआधी बैलांची शिंगं आईच खरवडायची. मागच्या वर्षीचा रंग निघाला पाहिजे आणि शिंगाला ओरखडा गेला नाही पाहिजे, हे ते काम. तिने तीच पद्धत इथे वापरली. दुपारच्या धारा व्हायच्या आत तीनेक तास मिळायचे. जीपच्या पुढच्या बाजूखाली बारदान अंथरून ती आडवी व्हायची. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी रंगावर दाबून ठेवायची, रंग फुगला की बांबूच्या कामटीने उचलायचा. पहिल्या दुपारी निळा आणि पिवळा निघाला. दुसऱ्या दुपारी हिरवा आणि लाल निघाला आणि पांढरी लांबी दिसली. लांबीला तिने लोखंड लावलंच नाही. बाभळीचे काटे आणून त्यांनी ती एकेका आकड्यातून कोरून काढली. काटा मोडला की दुसरा. भाऊ शेजारी आरसी बुक घेऊन बसायचा. खोल्यांतली मुलं कामावरून लवकर आली, तर वाकून आज कुठपर्यंत आलं ते विचारायची. सोसायटीतल्या एका बाईंनी दूध घेताना तिच्या हिरव्या नखांबद्दल विचारलं. आईने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि त्या दिवशी दूध पुढे अर्धा तास उशिरा पोचलं.

पाचव्या दुपारी सगळे आकडे उघडे झाले. एकच अडला. शेवटून तिसरा आकडा आरसी बुकात आठ होता आणि लोखंडावर तीन दिसत होता. भावाने पुष्कळदा पाहिलं, मीही पाहिलं. तीनच दिसत होता. भाऊ हळूच म्हणाला, की खिळ्याने डावीकडे जरा ओढलं तर काम होईल, कुणाला कळणार नाही.

"आठ आसंल तर आठच निघंल," आई म्हणाली. "नसंल तर आपली गाडी न्हवं."

सहाव्या दुपारी ती एकट्या त्या आकड्यावर बसली. डाव्या बाजूला गंज आणि लांबी एकजीव होऊन दगडासारखी झाली होती. तिने त्यावर गोडं तेल सोडलं आणि तशीच उठून धारा काढायला गेली. सातव्या दुपारी काट्याच्या टोकाला एक पापुद्रा लागून आला. तिने भावाला हाक मारली. त्याने कागद धरून पेन्सिल घासली. आठ उठला. त्याने तो कागद आईला दाखवला, मग मला दाखवला, मग शर्टाच्या खिशात ठेवला आणि जिन्याने वर गेला. तो नव्या गाडीचं माहितीपत्रक खाली घेऊन आला आणि त्याने ते गोठ्यातल्या चुलीत घातलं. आई म्हणाली, चुलीत गुळगुळीत कागद घालू नये, धूर होतो.

मुदतीच्या तेराव्या दिवशी आम्ही तिघं परिवहन कार्यालयाच्या तपासणी मैदानावर गेलो. या वेळी मीही होते, मागे बसलेली. आईने माणपासून जीप स्वतः चालवत आणली. पुढे सतरा गाड्या होत्या, बहुतेक टेम्पो. अधिकारी तोच होता. त्याने ठसा घेतला, तो उजेडात धरला आणि आरसी बुकाशी एकेक आकडा जुळवला. मग मोबाइलच्या उजेडात लोखंड पाहिलं. क्रमांकावर ओरखडा नव्हता. कशाने काढलं, असं त्याने विचारलं. आईने पदराच्या टोकाला गुंडाळलेला काटा दाखवला. त्याने तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला.

पुढे ब्रेक, दिवे आणि धूर बघायचा होता. गाडी फिरवून दाखवा, चालक कोण, असं त्याने भावाकडे बघत विचारलं. भावाने आईकडे बोट केलं. अधिकाऱ्याने परवाना मागितला, तो मुदतीत होता. आईने मैदानाला फेरी मारली, खुणेच्या पट्टीवर ब्रेक दाबला आणि उलट्या गिअरमध्ये जीप दोन टेम्पोंच्या मधल्या जागेत पहिल्या झटक्यात लावली. रांगेतला एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, मावशी, माझी बी लावून द्या. आई उतरली, त्याचा टेम्पो बघून आली आणि त्याला आधी आरसे पुसायला सांगितले.

अधिकाऱ्याने कागदावर सही केली. काय लिहिलं ते आईने वाचून दाखवायला सांगितलं. त्याने वाचून दाखवलं : तपासणी केली, योग्य आढळली. परत येताना घोटावड्याच्या रस्त्याला भाऊ पुढे आईशेजारी बसला होता. चढावर तिने दुसरा गिअर टाकला तेव्हा तो म्हणाला, आई, लोकांना सांगतो मी, की परवाना तुला पहिल्या चाचणीत मिळाला. तू सांगू नको, ती म्हणाली, ते त्यांचं काम होतं.

नूतनीकरण झालेलं आरसी कार्ड एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टाने माणच्या पत्त्यावर आलं. मुदत पाच वर्षांची आहे. मालकाच्या जागी आईचं नाव आहे. पोस्टमन आला तेव्हा जीप दारात नव्हती. आई पिरंगुटला पेंड आणायला गेली होती.